नवा माणूस, जुनी पट्टी

पत्र (ओळख पटेल असा मजकूर काढून, थोडं आटोपतं करून):

"मावशींना प्रभूमध्ये सलाम. निपाणीच्या बाजूला एका खेड्यात राहतो. वय ३४. माझा छोटा हत्ती टेम्पो आहे, गावातल्या लोकांचा भाजीपाला भरून कधी बेळगावला, कधी कोल्हापूरला नेतो. हाताखाली गाडीवर एक पोरगा असतो. चौदा महिन्यांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. आधी रोज पीत होतो, प्रार्थनेला जायला लागलो आणि सुटली. पहिले चार-पाच महिने काय सांगू, पहाटे गाडी काढून तवंदी घाटातून गाणं म्हणत जायचो. मंडळीत उभं राहून साक्ष दिली, की माझी दारू गेली, राग गेला, मी नवा माणूस झालो.

आता ते राहिलं नाही. प्रार्थनेला बसलो की मन गाडीच्या हप्त्यात. गेल्या महिन्यात पोराच्या हातून टोमॅटोचं क्रेट पडलं, तर मार्केटात चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली. ढाब्यावर दोनदा घेतली पण. बायको म्हणाली, 'नाव बदलाया निघालाय, तोंड कवा बदलणार?' नावाचं असं, की माझ्या नावात देवाचं नाव आहे. सभेतले एक भाऊ म्हणतात, बायबलमधलं नाव घे, नाहीतर जुना माणूस सुटत नाही. तेच म्हणतात, गणपतीत घरी पाऊल टाकू नको. गेल्या वर्षी नाही गेलो. आई थोरल्या भावाकडं असते, दोन गल्ल्या सोडून. ती रडली. यंदा म्हणते, गौरी आणायला बायकांना नदीवर गाडीतनं ने, मला आता चालवत नाही. मी काय करू? बायकोनं बाप्तिस्मा घेतलेला नाही, तिला कसं समजावू? भावाचं आणि माझं आधीपासूनच बरं नाही. बाप्तिस्म्याच्या आधी दोन वर्षं मी त्याच्या मालाची पट्टी कमी दाखवत होतो, ते देवाजवळ कबूल केलंय, ते मिटलं. आमची प्रार्थना कन्नडात असते, मला अर्धी कळते. पाळकांना विचारायची लाज वाटते, त्यांच्यासमोरच साक्ष दिली होती. मावशी, मी खरंच नवा झालोय का? का नुसताच पाण्यात बुडून वर आलो?"

उत्तर:

बाळा, तुझ्याहून मोठा मुलगा आहे मला, म्हणून अरेतुरे करते. राग मानू नकोस.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला नावाचा, गणपतीचा आणि कन्नड प्रार्थनेचा प्रश्न दिसला. तिसऱ्यांदा मात्र पेन्सिल एका ओळीवर थांबली. मी जन्मभर शाळेत वह्या तपासल्या आहेत. पोरं चूक कुठं लपवतात ते मला माहीत आहे. दोन बरोबर गणितांच्या मध्ये लपवतात. तूही तसंच केलंस. आईचं रडणं आणि कन्नड प्रार्थना यांच्या मधोमध एक ओळ घातलीस, भावाची पट्टी कमी दाखवत होतो, ते मिटलं.

कुणाचं मिटलं?

ज्यांनी कधी माल बाजारात धाडला नाही त्यांच्यासाठी सांगते. आडत्याकडं माल उतरला, तोलला, विकला, की तो एक कागद देतो. नग किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली, तोलाई वगैरे वजा जाता हातात किती आले. ती पट्टी. शेतकरी स्वतः बाजारात नसतो, त्यामुळं त्याच्या तीन महिन्यांच्या कष्टाचं काय झालं हे त्याला त्या वीतभर कागदावरूनच कळतं. तुझ्या भावानं पहाटे बॅटरी धरून भाजी काढली, तुझ्या गाडीत भरली, आणि संध्याकाळी तू त्याच्या हातात जो आकडा ठेवलास तो खरा धरला. भाव पडला म्हणून त्यानं बाजाराला शिव्या दिल्या असतील, नशिबाला दिल्या असतील. तू समोर चहा पीत बसला असशील.

कठोर लिहिते आहे का? असेल. पण तू विचारलंस की शांती कुठं गेली, आणि मला ती त्या कागदाखाली दिसते.

तू देवाजवळ कबूल केलंस आणि देवानं क्षमा केली, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तिथं काही बाकी नाही. पण ते पैसे देवाचे नव्हते रे. भावाचे होते.

जक्कयाची गोष्ट तुला माहीत असेलच. यरीहोचा जकातदार, बुटका, झाडावर चढून बसलेला. आपण त्याचं बुटकेपण आणि झाडच लक्षात ठेवतो, रविवारच्या शाळेत पोरांना तेवढंच शिकवतो. मला त्यातला क्रम बघायला आवडतो. येशू आधी म्हणाला, खाली उतर, आज तुझ्या घरी राहायचं आहे. पैशाचं नाव काढलं नाही, दोष दाखवला नाही. जक्कय आपणहून उभा राहिला आणि म्हणाला, अर्धं गोरगरिबांना देतो आणि ज्याचं खोटेपणानं घेतलं त्याला चौपट परत करतो. म्हणजे परतफेड करून त्यानं येशूला घरी बोलावलं नाही. येशू घरात आला, आणि मग त्याला स्वतःच्या वह्या आठवल्या. तुझंही तसंच झालेलं दिसतं. तू म्हणतोस मन रमत नाही, देव दूर गेला. मला वाटतं तो घरात चांगला आत आलाय आणि तू त्याला ओसरीवरच बसवून ठेवलंयस, कारण आतल्या खोलीत ती वही आहे.

रक्कम तू लिहिलेली नाहीस. डिझेलचा रोजचा हिशेब ज्याच्या डोक्यात असतो त्याला ती माहीत नाही असं होत नाही. समज, चाळीस हजार आहे. चौपट करायची तुझी ऐपत नाही आणि मी ते सांगतही नाही. बायबलच्या लेवीय पुस्तकात साधा हिशेब आहे, लबाडीनं घेतलेली मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा. चाळीसावर आठ, अठ्ठेचाळीस हजार. महिन्याला चार हजार दिलेस तर वर्षाचं काम. तुझा आकडा वेगळा असेल, पण कागदावर मांड. मनात ठेवलेला आकडा दर महिन्याला थोडा आटतो.

आणि माल फक्त भावाचाच होता का? मला उत्तर नको. तू स्वतःला विचार.

आधी बायकोला सांग. हप्ता घरातून जाणार आहे, तिला अंधारात ठेवून दिलेला पैसा म्हणजे आणखी एक खोटी पट्टी होईल. मग भावाकडं एकटा जा. सणाच्या दिवशी जाऊ नकोस, आई समोर असताना नको, फोनवर तर मुळीच नको. पहिल्या वाक्यात प्रभूचं नाव आणू नकोस. त्याला वाटेल, देवाला पुढं करून हा माझ्याकडून माफी काढून घ्यायला आलाय. आधी आकडा सांग. मग गप्प बस. तो ओरडेल. गावभर सांगेल, कदाचित आडत्यापर्यंत जाईल, आणि चार घरं तुझ्या गाडीत माल भरायचं थांबवतील. हे होऊ शकतं, तुला खोटा धीर देत नाही. तेव्हा आणखी एक कर, इथून पुढं ज्याचा माल त्याच्या मोबाइलवर आडत्याकडून थेट पट्टीचा फोटो जाईल अशी सोय लाव. तुझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणण्यापेक्षा विश्वास ठेवायची गरजच पडू नये असं केलेलं बरं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या आईच्या पाटल्या तिच्या शेवटच्या दुखण्यात माझ्याकडं होत्या. धाकटीला एक द्यायची होती. दिली नाही. मी सेवा केली, मी रात्री जागले, असं मनात म्हणत राहिले आणि कपाटात दोन्ही ठेवल्या. सहा वर्षं आम्ही बहिणी बोललो नाही. त्या सहा वर्षांत मी दर रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसत होते, प्रभुभोजन घेत होते, महिला संघाची चिटणीस होते. आजोबांच्या आधीपासूनचं आमचं ख्रिस्ती घर, माझा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला. नवं व्हायचंय असं मला कधी वाटलंच नव्हतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे ना, वेदीपाशी अर्पण ठेवताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जा. ते वचन मी मुलांकडून पाठ करून घेत होते, तोंडानं हजेरी घेत घेत. एका शनिवारी एक पाटली रुमालात बांधून शहापूरला तिच्या घरी गेले. तिनं रुमाल सोडलासुद्धा नाही. चहा टाकला, माझ्यापुढं कप ठेवला आणि भाजी निवडत बसली. मी उठून आले. नीट बोलायला पुढं एक वर्ष गेलं. पण त्या रात्री मला झोप लागली, ती सहा वर्षांत लागली नव्हती.

आता तुझा मोठा प्रश्न, खरंच नवा झालोय का.

दत्तक आठव. प्रेषित पौलानं रोमकरांस, म्हणजे रोमच्या मंडळीला, लिहिताना हाच शब्द वापरला आहे, की आपल्याला दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे. आपल्या बेळगाव जिल्ह्याला दत्तक म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. १८२४ साली कित्तूरला राणी चन्नम्मानं शिवलिंगप्पाला दत्तक मानलं, कंपनी सरकार म्हणालं आम्ही मानत नाही, आणि त्यावरून लढाई झाली. पोरगा कसा वागतो, त्याला दरबारात बसता येतं का, हा वादच नव्हता. ज्यानं घेतलं त्याचा शब्द मोठा की बाहेरच्याचा, एवढाच वाद होता. दत्तक मूल पहिल्या दिवसापासून वारस असतं. घरची रीत त्याला हळूहळू येते. मधल्या काळात ते जुन्या घरातल्यासारखं जेवतं, जुन्या घरातल्या शिव्या देतं, रात्री उठून जुन्या आईला हाक मारतं. त्यानं दत्तकपत्र फाटत नाही.

करिंथच्या मंडळीला पौलानं पवित्र जन म्हटलंय, आणि तेच लोक एकमेकांना कोर्टात खेचत होते, प्रभुभोजनाला एक उपाशी तर दुसरा पिऊन अशी त्यांची तऱ्हा होती. 'नवी उत्पत्ती' हे शब्दही त्यांनाच लिहिलेत. कलस्सैकरांस लिहिताना तो म्हणतो की नवा मनुष्य तुम्ही धारण केला आहे, आणि लगेच पुढं म्हणतो, तो नवा होत जातो. झालाय आणि होतोय, दोन्ही एका दमात. तुझ्या साक्षीत फक्त पहिलं होतं.

साक्षीबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही, तरी सांगते. नव्या विश्वासी माणसाच्या हातात आपण फार लवकर माइक देतो. टाळ्या पडतात, हालेलुया होतो, आणि त्या माणसाला पुढची दहा वर्षं त्या दहा मिनिटांना जागावं लागतं. पौलाला दिमिष्काच्या वाटेवर येशूचं एवढं मोठं दर्शन झालं, तरी तो आधी अरबस्तानात गेला आणि तीन वर्षांनी यरुशलेमात प्रेषितांना भेटायला आला. तू बोललेलं तोंडभर वाक्य परत घ्यायला पाळकांकडं जा. मंडळीपुढं नको, त्यांच्या घरी. "पाळकसाहेब, राग गेला म्हणालो होतो, गेलेला नाही," इतकंच. तू समजतोस तितका धक्का त्यांना बसणार नाही. आणि बसला, तर त्यांच्याही ते भल्याचं आहे.

पहिल्या महिन्यांतल्या आनंदाचं वाईट वाटून घेऊ नकोस. रोज पिणाऱ्याची दारू सुटते तेव्हा अंगाला झोप मिळते, भूक लागते, खिशात पैसे राहतात. त्यातलं किती पवित्र आत्म्याचं आणि किती सुटलेल्या दारूचं याची वाटणी मी करत बसणार नाही, देणारा एकच. पण ढाब्यावरच्या त्या दोन वेळांना मी प्रार्थनेवर टाकून गप्प बसणार नाही. तू घाटात गाडी चालवतोस. बायकोला सांग, डॉक्टरला सांग. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी पडला असं सभेत कुणी म्हणालं, तर त्याला चष्मा काढून बायबल वाचायला सांग.

नाव. सभेतल्या त्या भावांचा हेतू चांगला असेल, पण त्यांना वाटतं की शौलाचा बाप्तिस्म्यात पौल झाला. तसं नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात, दिमिष्काच्या कितीतरी नंतर, 'शौल, ज्याला पौलही म्हणत' असा उल्लेख येतो. दोन्ही नावं त्याचीच होती, एक घरचं आणि एक रोमी. त्याच्या सोबत्यांत अपुल्लोस आहे, त्याच्या नावात अपोलो देव. एपफ्रदीत आहे, त्याच्या नावात अफ्रदिती देवी. पौलानं त्यांना तशीच हाक मारली, जिवाभावाचं मानलं. एकाचंही बारसं पुन्हा केलं नाही.

लांब कशाला जायचं? बाबा पदमनजी आपल्या बेळगावचे. १८३१ साली इथं जन्मले, इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ साली बाप्तिस्माही बेळगावातच घेतला. नाव तेच ठेवलं. मराठीतली पहिली मानली जाते ती कादंबरी त्याच नावानं लिहिली. नारायण वामन टिळक बाप्तिस्म्यानंतरही नारायणच राहिले, आणि आज मराठी उपासनेत आपण त्यांची भजनं म्हणतो. पंडिता रमाबाईंना बाप्तिस्म्याच्या वेळी मेरी हे नाव मिळालं होतं, पण महाराष्ट्र त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखतो. तुला मनापासून नवं नाव हवं असेल तर घे, पाप नाही. पण लायसन्स, आरसी, विमा, आधार, शेताचा पहाणी उतारा, सगळीकडं धावाधाव होईल ती वेगळी. आणि कागदोपत्री धर्माचा प्रश्न आलाच, तर कर्नाटकात २०२२ साली त्यावर कायदा झाला आणि पुढच्या वर्षी मंत्रिमंडळानं तो मागं घ्यायचं ठरवलं. तुझ्या बाबतीत काय करायचं ते वकिलाला विचार, सभेतल्या भावांना नको.

आता आई.

आमच्या शेजारी, वडगावला राहत होतो तेव्हा, एक काकू होत्या. गणपतीत मोदक झाले की आधी एका डब्यात आमच्यासाठी सात काढून ठेवायच्या, आणि मग ताट देवापुढं न्यायच्या. डबा देताना वडिलांना म्हणायच्या, "मास्तर, दाखवायच्या आधीचे आहेत हो." आमच्या घरून नाताळात करंज्या जायच्या. या विषयावर त्या दोघांत कधी चर्चा झालेली मी ऐकली नाही. सात मोदक, कारण आम्ही सात जण.

तुझ्या आईला हे सांगून बघ. भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो ना गौरीला पहिल्या दिवशी, शेपूची भाजी? तिला म्हण, आई, दाखवायच्या आधी माझं ताट वेगळं काढ, मी जेवायला येतो. आरतीला उभा राहणार नाही, ते तिला चार दिवस आधीच सांग, म्हणजे पाहुण्यांसमोर तिचं तोंड पडणार नाही. मंडळीत यावर दोन मतं आहेत. काही पाळक म्हणतील, त्या घरात त्या दिवसांत जाऊच नये. मी त्या मताची नाही. मूर्तीपुढच्या अन्नाचा प्रश्न करिंथकरांनीही पौलाला विचारला होता. त्यानं पूजेच्या पंगतीत बसू नका म्हणून बजावलं, पण कुणी जेवायला बोलावलं तर जा आणि वाढतील ते खा, असंही त्याच पत्रात लिहिलं. कुणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका म्हणाला. तुझ्या सभेत अजून कच्च्या मनाचा कुणी असेल आणि तुला बघून तो गोंधळत असेल, तर त्याला बाजूला घेऊन सांग तू काय करतोस आणि काय करत नाहीस. आईला टाकायला मात्र पौलानं कुठंही सांगितलेलं नाही.

नदीवरच्या गाडीचं मला बायबलमधल्या नामानावरून सुचतं. अरामी सेनापती, कोड आलेला. अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून यार्देनेत सात बुड्या मारून बरा झाला. तुझ्यासारखाच पाण्यातून वर आला बघ. परत निघताना तो संदेष्ट्याला म्हणाला, मी आता दुसऱ्या देवाला भजणार नाही, पण माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, त्याच्याबरोबर मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची क्षमा असावी. अलीशानं काय उत्तर दिलं? व्याख्यान दिलं नाही. म्हणाला, शांतीनं जा. त्यानं पुरती परवानगी दिली की नुसतं जाऊ दिलं, यावर पंडितांची भांडणं आहेत. मला एवढंच दिसतं, की नव्या विश्वासाच्या पहिल्या दिवशी त्या माणसाला धन्याचा टेकलेला हात आठवला आणि कुणी त्याला झिडकारलं नाही.

तुझ्या आईला चालवत नाही. तिला ने. बायका गाणी म्हणतील, तू म्हणू नकोस. नदीवर त्यांचं होईपर्यंत झाडाखाली गाडी लावून बस. परत येताना फाळका नीट लावलाय का बघ, बायका उभ्या असतील. मन फारच खात असेल तर दुसऱ्या कुणाची गाडी ठरव आणि भाडं तू दे. पण "मला चालत नाही" म्हणून घरात बसून राहू नकोस. गेल्या वर्षी आईला तुझा ख्रिस्त बंद दारासारखा दिसला.

बायकोला समजाव वगैरे काही करू नकोस. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली, स्वतःच्या मनानं, स्वतःच्या वेळी, आणि मधली वर्षं सोपी नव्हती. पेत्रानं बायकांना सांगितलंय, की नवरा वचन मानत नसला तरी तुमच्या न बोलत्या वागण्यानं तो मिळेल. मी ते वचन बिनदिक्कत नवऱ्यांनाही लावते. तुझी बायको तुझ्या तोंडाकडं बघते आहे, असं तिनं स्वतःच सांगितलंय. पट्टीचं तिला सांगशील त्या रात्री ती काय म्हणते ते ऐक. मध्ये बोलू नकोस.

कन्नडाचं थोडक्यात. मंडळी चांगली असेल तर सोडू नकोस, कन्नड शीक, चार पदं पाठ कर, मराठी-कन्नड पाट्यांची भांडणं पाट्यांवर राहू देत. पण एकटा असताना, घाटात, ज्या भाषेत शिव्या देतोस त्याच भाषेत प्रार्थना कर. तुझ्या पत्रावरून वाटतं की तू देवाशी पाहुण्यासारखा शुद्ध बोलतोस आणि बाकी सगळ्यांशी आपल्या बोलीत. उलटं करून बघ थोडे दिवस.

राहता राहिला तो पोरगा. मार्केटात मारलीस ना, मग माफीही मार्केटातच माग, त्याच आडत्याच्या दारात, हमाल बसलेले असताना. गाडीत गुपचूप शंभराची नोट देऊन मिटवू नकोस. तो लाजून "जाऊ द्या मालक" म्हणेल, तरी वाक्य पुरं कर. आणि तुझ्या नावाचं तू पान भरून लिहिलंस, त्याचं नाव पत्रात कुठंच नाही. पुढच्या पत्रात लिही.

तुझी,
मावशी